अर्धा माच मोकळा

मधली वाडी, जयगड
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ते,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, असं तुमचा भाचा रूपेश म्हणतो. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. पत्र लिहिण्याची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी आईंना पुळणीवर चक्कर आली ते तुम्हाला ठाऊक आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवसभर उन्हात बसणं बंद. आता मासळी सुकवणाऱ्या बाईने उन्हात बसायचं नाही म्हणजे काय करायचं? बांगडे वाळूत पसरले की कावळे-कुत्र्यांची पंगत बसते. कुणीतरी काठी घेऊन राखण करायलाच हवी, मधूनमधून मासळी उलटायला हवी. मी बसते म्हटलं तर आई म्हणतात, तुझं लक्ष फोनात, कावळे हसतात तुला.

त्यातच रूपेशची बदली निघाली आहे. मोठी जहाजं धक्क्याला लावणारी ती टग, तिच्यावर तो आहे ना, त्या कंपनीला आता गुजरातेत माणसं हवी आहेत. राहायला क्वार्टर्स देतात. जानेवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं. रूपेश म्हणतो, "बाबा गेले. आईचा धंदा बंद झाला तर ती इथे करणार काय? भिंतींकडे बघत बसणार? कुलूप लावू नि सगळेच जाऊ." आईंना विचारलं तर म्हणतात, "तुम्ही ठरवाल तसं."

मला जायचं नाही, आत्ते. मी दापोलीत भाड्याच्या घरांमध्ये वाढले. दर दोन वर्षांनी नवी गल्ली. रूपेशचे बाबा गेल्यावर एप्रिलमध्ये आम्ही इथे आलो, आणि पहिल्यांदा मला कुणीतरी "कमळाची सून गो" म्हणून ओळखायला लागलं. मला ते आवडतं.

म्हणून मी एक तोडगा काढला. पुळणीवर बांबूचा कमरेइतका उंच माच बांधायचा, वर जुनी जाळी ताणायची. कुत्री पोचत नाहीत, वाळू लागत नाही. आणि राखण पाळीपाळीने. पाचसहा घरं एकत्र आली की प्रत्येकीला आठवड्यातून एकच दिवस बसायचं, तेही झावळ्यांच्या सावलीत. मग आईंचा धंदा बंद पडायचं कारण उरत नाही, आणि जायचंही.

रूपेशने सुट्टीत माच बांधून दिला. मी घरोघर सांगून देवळात बायकांची सभा घेतली. दापोलीला असताना मी बचत गटांना प्रशिक्षण द्यायचे, त्यातला तक्ता काढून नेला. निष्क्रिय संवाद म्हणजे मनात ठेवणं, सुचवणं, वाट बघणं. सक्रिय संवाद म्हणजे समोर, स्पष्ट, सगळ्यांना. सगळ्या माना डोलावत होत्या. "होय गो, बरंच हाय की." व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, मान्य असेल त्यांनी अंगठा द्या. धडाधड अंगठे आले.

सोमवारी सकाळी माचावर आमचे बांगडे होते आणि मी होते. बाकी कुणी आलं नाही. सगळ्या आपापली मासळी वाळूतच पसरून बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसत होत्या, अगदी प्रेमाने. मंगळवारीही तेच.

तुम्ही या वाडीत जन्मलात. सांगा, माझं काय चुकलं?

तुमची,
श्रद्धा


लांजा
२ डिसेंबर २०२४

चि. श्रद्धा, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, अक्कल थोडी कमी आहे, ती येईल.

अंगठा म्हणजे 'वाचलं'. इथे लांज्यात काजूवाल्या बायकांच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली तरी अंगठा येतो. आणि "होय गो, बरंच हाय की" याचा अर्थ, बाई, लवकर आटप, घरी भात शिजायचाय. आपल्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. समोर नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. तुला मोठा होकार वाटला तो नुसता शिष्टाचार होता.

आणि सगळ्यांना मिळून सांगितलेलं कुणालाच सांगितलेलं नसतं. ज्याला त्याला वाटतं, दुसरी जाईल.

मी विधवा होऊन लांज्यात शिवणाचा वर्ग सुरू केला तेव्हा दारावर पाटीसुद्धा लावली नाही. ओट्यावर मशीन ठेवलं, तोंड बंद ठेवलं आणि झंपर शिवत बसले. शेजारीच एक रिकामं स्टूल ठेवलं. पहिली पोर त्या स्टुलावर येऊन बसली ती नुसती बघायला. दुसरी आली तिला बघायला. वर्षभरात ओटा पुरेना. कुणालाही 'ये' म्हटलं नाही. सांगितलेलं माणूस विसरतं, आपल्या मनाने उमजलेलं धरून ठेवतं.

तेव्हा तुझा तो तक्ता गुंडाळून माळ्यावर टाक. रोज आपली मासळी माचाच्या अर्ध्या भागावर घाल आणि अर्धा माच मोकळा ठेव. कुणी काही विचारलं तर हस. मोकळी जागा बघून बायकांचे हात आपोआप शिवशिवतात. हातच्या काकणाला आरसा कशाला?

कमळेला सांग, डोक्यावर ओलं फडकं ठेवत जा. फोन करू नको, ऐकू येत नाही.

तुझी,
सत्यवती आत्या


मधली वाडी
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आत्ते,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. तोंडाला कुलूप. अर्धा माच मोकळा, रोज झाडून स्वच्छ.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोकळ्या भागावर जास्वंदीचं फूल. मला वाटलं, वाऱ्याने आलं. पाचव्या दिवशी दोन फुलं आणि हळदकुंकू. सहाव्या दिवशी नारळ. शनिवारी बघते तर गंगारामतात्या माचासमोर हात जोडून उभे, उदबत्ती लावलेली. मला म्हणाले, "कधीपासून सोडलीस गो ही जागा?" मी म्हटलं, मागच्या आठवड्यापासून. तात्यांनी मान हलवली. "बरं केलंस. तुझ्या सासऱ्याच्या डोक्यात आलं नाय ते तू केलंस. राखणदाराला इथे बसायला जागाच नव्हती."

आत्ते, वाडीला वाटतं मी तो अर्धा माच पुळणीच्या राखणदार देवासाठी सोडला आहे. आता तिथे कोण मासळी घालणार? ईशाची आजी तिथून जाताना चपला हातात घेते. माझी फार वाहवा चालली आहे. दापोलीची असून किती शिकली, म्हणतात. तुमचं ते उमजणं हेच का? मोकळ्या जागेकडे बघून ज्याला जे हवं ते उमजतं. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं माझी आजी म्हणायची, ते काही खोटं नाही.

आई मात्र खूप हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तेवढं एक बरं झालं.

आणखी एक विचारायचं होतं. शेजारच्या चिमाकाकूंचं ठीक आहे ना? म्हणजे डोक्याने? त्या कायम कोंबडीशी बोलतात. मोठ्याने, अगदी माणसाशी बोलल्यासारखं. आणि हल्ली आईसुद्धा कावळ्यांशी बोलायला लागल्या आहेत. परवा आई कावळ्याला म्हणाल्या, "कुणाच्या तरी खळ्यात माडाची झावळ लोंबते, डोक्यात पडली की कळेल." तर चिमाकाकूंनी कुंपणापलीकडे कोंबडीला सांगितलं, "आमचे डोळे काय गेले नाय अजून." आणि दुपारी माणूस बोलावून ती झावळ काढून घेतली.

मला वाटतं दोघी फार एकट्या पडल्या आहेत. वाडीतल्या वयस्कर बायकांसाठी संध्याकाळचा गप्पांचा कट्टा सुरू करावा असं मनात आहे. पहिल्या दिवशी या दोघींना शेजारी शेजारी बसवीन. कसं वाटतं?

रूपेशने गुजरातेतल्या क्वार्टर्सचे फोटो मागवले आहेत. छान आहेत, म्हणूनच मला भीती वाटते.

तुमची,
श्रद्धा


लांजा
२३ डिसेंबर २०२४

चि. श्रद्धा, आशीर्वाद.

राखणदाराचं वाचून मी एकटीच इतकी हसले की समोरच्या दुकानदाराला वाटलं मला काही झालं. तो पाणी घेऊन आला. चूक माझी नाही हं, राखणदार लांज्याला स्टुलावर बसत नाही.

पण कट्टा सुरू करू नको. हात जोडते तुला.

कमळा कावळ्याशी बोलत नाही आणि चिमा कोंबडीशी बोलत नाही. त्या एकमेकींशी बोलतात. दोघींचा अबोला आहे, दहा-बारा वर्षांचा. समोरासमोर शब्द नाही. पण शेजार आहे, काम अडतं, मग कावळा आणि कोंबडी. कमळेने तुला सांगितलं नाही, कारण अबोला असा सांगायचा नसतो, तो नुसता असतो. वाडीत कुणीही तुझ्यापुढे काढणार नाही.

आणि तुझा माच अडला आहे तो तिथेच. बायकांना माच नको आहे असं मुळीच नाही. पण माच कमळेच्या घराचा, आणि चिमा त्यावर नाही. मग तिथे मासळी घालणं म्हणजे कमळेची बाजू घेणं. न घालणं म्हणजे चिमाची. वाळूतच पसरलेलं बरं, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. इतकी वर्षं त्यांनी असंच सांभाळलं आहे. वाडी अशीच टिकते.

झालं काय होतं ते आता सांगते. चिमाच्या संदेशचं लग्न होतं. चिमा घरोघर अक्षता घेऊन आवतण द्यायला गेली. वरची वाडी, खालची वाडी, पार खाडीपलीकडे जाऊन आली. कमळेच्या घरी गेली नाही. कमळा रोज संध्याकाळी ओटा सारवल्यासारखा झाडून बसायची, अक्षत येईल म्हणून. नवं लुगडं आणून ठेवलं होतं. अक्षत आली नाही. मग ही गेली नाही. शेजारी सनई वाजत होती आणि ही दार लावून तांदूळ निवडत बसली. मला तिने रडत रडत सांगितलं, वन्सं, मला परकीपेक्षा परकी केली.

पुढे मी चिमाला भेटले. चिमा माझी बालमैत्रीण. ती म्हणते, घरच्या माणसाला कोण आवतण देतं? परक्याला अक्षत द्यायची. नवऱ्यामुलाला पहिली हळद कमळेने लावायची, हे मी धरूनच चालले होते. वाटी भरून ठेवली होती. मुहूर्त टळायला आला तरी तिची वाट बघत होते. शेवटी दुसरीने लावली. मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं तिने.

एकीला वाटलं परकी केली, दुसरीला वाटलं घरची मानली आणि तिने लाथाडलं. मी दोघींचं ऐकून घेतलं आणि गप्प राहिले. सांगून घडवलेला समेट चार दिवस टिकतो. त्यांचं त्यांना उमजायला हवं.

तू यात पडू नको. सुनेने सासूच्या अबोल्यात बोलू नये.

सत्यवती आत्या


मधली वाडी
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्ते,

रागावू नका, मी बोलले.

तुमचं पत्र वाचून मला आधी तुमचाच राग आला. दहा-बारा वर्षं तुम्हाला दोन्ही बाजू ठाऊक, आणि तुम्ही उमजायची वाट बघत बसलात? काय उमजणार होतं त्यांना? एकीला वाटी दिसत नव्हती, दुसरीला लुगडं दिसत नव्हतं. दोन्ही फक्त तुम्हाला दिसत होतं.

तर दोन दिवस विचार करून मी चिमाकाकूंकडे गेले. त्या मासळी साफ करत होत्या. मी म्हटलं, "काकू, माचावर तुमची मासळी हवी आहे. तुमच्याशिवाय कुणी येणार नाही, मला समजलं आहे." त्या वर न बघता म्हणाल्या, "कसला माच?" मी म्हटलं, देवळातल्या सभेत सांगितलं होतं ना. "मला कुणी बोलावलं सभेला?" ग्रुपवर टाकलं होतं. तर त्यांनी पदराला हात पुसले, कनवटीचा फोन काढला, बटणांचा, आणि माझ्या हातात दिला. "यात दाखव बघू."

आत्ते, सभेचं मी लांबच्या घरोघरी जाऊन सांगितलं होतं. शेजारी गेलेच नव्हते. शेजारी म्हणून धरूनच चालले होते की कळलंच असेल. चिमाकाकूंनी आईंना जे केलं तेच मी चिमाकाकूंना केलं, तेही तक्ता हातात घेऊन. मला हसूही येईना आणि रडूही.

मी म्हटलं, चुकलं माझं. आता विचारते आहे, याल का? त्यांनी फोन परत घेतला, कनवटीला खोचला. मग म्हणाल्या, "तू गुणी आहेस. पण माच कमळेचा. तिने विचारावं, येईन."

घरी येऊन मी आईंना सगळं सांगितलं. तुम्ही लिहिलेलंही सांगितलं, की चिमाकाकूंनी हळदीची वाटी भरून ठेवली होती, मुहूर्त टळेपर्यंत वाट बघितली होती. मला वाटलं होतं, ऐकताक्षणी उठतील, कुंपण ओलांडून जातील. आई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठली वाटी?"

मी म्हटलं, ते आत्तेंनी लिहिलं नाही. झालं. पुढे एक शब्द नाही. आठवडा होत आला. कोंबडीशीही कुणी बोलत नाही आता. आधी निदान कोंबडी होती, मी तीही घालवली असं वाटतं.

शुक्रवारी आईंनी रूपेशला माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. त्याने आता कंपनीला हो कळवायचं मनात घेतलं आहे. शेवटच्या आठवड्यात कळवीन म्हणतो.

तुम्ही बरोबर होतात का? मी बोलायला नको होतं का?

श्रद्धा


लांजा
११ जानेवारी २०२५

चि. श्रद्धा,

तू मला चांगलंच सुनावलंस. दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही, म्हणजे तुझं थोडं खरं असणार.

वाटी पितळेची. काठाला पोचा आहे. संदेशच्या बारशाला कमळेनेच चिमाला दिली होती. एवढं कमळेला सांग. हे मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि हे सांगितल्यावर मात्र गप्प बस. खरोखर गप्प. सारखं तिच्या तोंडाकडे बघू नको. पेरलेलं रोज उकरून बघितलं तर काही उगवत नाही. बोलायचं तेवढं तू बोललीस, ते बरं केलंस. आता पुढचं त्यांच्यावर सोड.

सत्यवती आत्या


मधली वाडी
२८ जानेवारी २०२५

वन्सं, तुम्हाला नमस्कार.

मी सांगते नि श्रद्धा लिहिते. मी सांगेन तसंच लिही म्हटलंय, शुद्ध करायचं नाय. शेजारी चिमा बसली आहे. माझंही लिही म्हणते. तेव्हा मधे मधे गोंधळ होईल, तो तुम्ही समजून घ्या.

आमी जात नाय. हे आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. रूपेशने कंपनीला काल कळवलं. साहेब म्हणाला मग रात्रपाळी करावी लागेल. करील म्हणाला.

आता झालं कसं ते ऐका. तुमचं वाटीचं पत्र आलं. श्रद्धाने वाचून दाखवलं नि तिथून उठून गेली, अशी कधी जात नाय. मी ती वाटी ओळखली. राजापूरच्या बाजारातून आणलेली, येताना यष्टीत पडली म्हणून पोचा आला होता. पोचा आलेली वाटी बारशाला कशी देऊ असं मला झालं होतं. चिमा तेव्हा म्हणाली होती, असू दे गो, आपल्यात काय. तीच तिने लग्नाला काढली. घरात चांदीची असताना.

चिमा म्हणते, चांदीची नव्हती, जर्मनची होती. खोटं लिहू नको.

बरं, जर्मनची. तरी मी गेले नाय. पाय उचलत नव्हता, वन्सं. इतकी वर्षं गप्प राहिलं की पहिला शब्द कुठला काढायचा तेच कळत नाय. ट्रंक भरायला घेतली. वाटलं, आता इथून गेलेलंच बरं, निदान रोज ते कुंपण बघायला नको.

मागच्या मंगळवारी सकाळी मी माचावरची आमची मासळी काढायला गेले, जाळी सोडून ठेवायला. चिमा तिथेच पुळणीलगत आपल्या खळ्यात दाणे टाकत होती. कोंबडीला म्हणाली, "जाणारे जातात हो. आपण आपले दाणे टिपावेत." मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

मला काय झालं ठाऊक नाय. हातातली टोपली खाली ठेवली नि वळले. म्हटलं, "कोंबडीला काय सांगतेस? मला सांग."

ती खळ्याच्या कडेपर्यंत आली. दाण्यांचं सूप हातात तसंच. मग म्हणाली, "जाऊ नको."

एवढंच म्हणाली. पुढे मी भांडले. वाटी भरून ठेवलीस तर हाक का मारली नाहीस? ती म्हणाली, लुगडं आणलंस तर नेसून आली का नाहीस? तू माज केलास. तू केलास. मोठमोठ्याने. अख्खी वाडी गोळा झाली. कुणी सोडवायला आलं नाय, सगळ्या पदर तोंडाला लावून बघत होत्या. गंगारामतात्या वहाण घालायचे विसरले. भांडून भांडून घसा बसला तेव्हा चिमा घरात गेली, बांगड्यांची पाटी घेऊन आली, नि माचाच्या मोकळ्या भागावर ओतली. तिथला नारळ उचलून म्हणाली, "बाबा, जरा सरकून घे, आमची मासळी आहे." नारळ तिथल्या तिथे फोडला नि खोबऱ्याची शेरणी वाटली. राखणदाराने काय मनावर घेतलं नाय. संध्याकाळपर्यंत माचावर बोटभर जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी रूपेशला आणखी एक बांधायला सांगितला.

चिमा म्हणते, हेही लिही की कमळेची पाळी बुधवारी आहे नि ती झोपते. मी झोपत नाय. डोळे मिटते.

आता आमी रोज भांडतो. वाडीत सगळ्यांना बरं वाटतं. आधी दोघींच्या मधून जाताना माणसं पाय वाजवायची नायत, आता आमच्या मधे बसून मासळी निवडतात नि कुणाचं बरोबर ते सांगतात. कुणाला काही नको असेल तर तोंडावर नको म्हणतात, श्रद्धाने सवय लावली. परवा ईशाच्या आजीने सरळ सांगितलं, मला शनिवारची पाळी नको, शनिवारी मला झोप येते. श्रद्धाला इतका आनंद झाला की तिने तिला मिठी मारली. ईशाची आजी घाबरली.

वन्सं, एक मनातलं सांगते, रागावू नका. तुमच्या पोटात दोघींचं होतं नि तुम्ही ते ठेवून बसलात. आमचं चांगलं व्हावं म्हणूनच ठेवलंत, ते मला कळतं. पण आणखी कुणाचं काय राहिलं असेल तर इथे येऊन मोकळं करा. चिमा म्हणते, सत्ये, बऱ्या बोलाने ये, महिनाभर राहा, नाहीतर मीच लांज्याला येऊन बसेन नि तुला माझं सगळं ऐकावं लागेल.

आता शेवटचं. मालक गेले त्या दिवशी मी सकाळपासून पुढच्या दाराकडे डोळे लावून होते. अख्खी वाडी आली, खाडीपलीकडची आली. चिमा आली नाय. ते मी मनात धरून ठेवलं होतं, लग्नापेक्षा जास्त. परवा भांडताना ते निघालं. तर चिमा म्हणाली, आले होते. मागच्या दाराने. आपल्या माणसाच्या घरी कोण पुढून येतं अशा दिवशी? आपल्या घरून चहाची किटली करून आणली, मागच्या पडवीत ठेवली, कपबश्या विसळून दिल्या नि बराच वेळ तिथेच भिंतीला टेकून बसली. आमच्या दोघींच्या मधे एक माजघर होतं.

तो चहा मी प्यायले होते, वन्सं. आलं घातलेला होता. कुणी आणला ते विचारलं नाय. आता विचारते. सगळ्यांना सगळं विचारते, श्रद्धा वैतागते.

तुमची,
कमळा